वकीलबाईंची कोंबडी

गोरेगाव, ता. सेनगाव
११ जानेवारी २००४

चि. प्रज्ञेश यास आजीचा जय भीम.

मी बरी आहे. तू बरा आहेस असं मी धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. पत्र शेजारची कोमल लिहून देत आहे. मी बोलते ते ती शाळेच्या भाषेत उतरवते, म्हणून आजी एकदम शहाणी वाटली तर घाबरू नको.

तुमच्याकडे पत्र आधी साहेब लोक फोडून वाचतात म्हणे. तर साहेबांनाही जय भीम. वाचायला बसलातच तर खरं काय ते वाचा. हा माझा नातू. मायबापाच्या माघारी मी वाढवलेला. गोरेगावात मोटार भरायचं दुकान टाकलं होतं. विहिरीवरची जळालेली मोटार आणून द्यायची, हा तांब्याची तार नवी गुंडाळून भरून देणार. दिवाळीच्या आधी कोणी अनोळखी माणूस अशीच एक मोटार ठेवून गेला. ती निघाली चोरीची. माणूस पसार, मोटार दुकानात, आणि पोरगं तुमच्या परभणीच्या जेलात. एवढीच गोष्ट आहे. तिला दिवाळीपासून संक्रांत आली.

आता तुझ्या रागाचं. मागच्या तारखेला तू पोलीस गाडीतून उतरलास आणि विचारलंस, "आजी, माझा वकील कोणता?" मी पानटपरीजवळचा एक काळा कोट दाखवला. तो मेला दुसऱ्याच कोणाचा निघाला. तू त्याला हाक मारलीस आणि त्यानं "कोण रे तू?" म्हटलं. त्यानंतर तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. अरे, काळ्या कोटातली सगळी माणसं मला सारखीच दिसतात. म्हातारीची नजर आहे, चुकायची.

तुझे वकीलसाहेब चांगले आहेत. कामात असतात. तू काळजी करू नको. तिळगूळ पाठवला आहे. तुझ्यापर्यंत किती पोचतो ते साहेबांच्या दातांवर आहे.

तुझी आजी

---

गोरेगाव
८ फेब्रुवारी २००४

चि. प्रज्ञेश,

तू उत्तर दिलं नाहीस. बरं केलंस. खोट्या पत्राला उत्तर काय द्यायचं.

नजर माझी धड आहे. तुला दाखवायला माझ्याजवळ वकील नव्हता, म्हणून हाताला आला तो कोट दाखवला. कोर्टानं तुला फुकट वकील नेमून दिला हे खरं. कागदावर त्याचं नाव आहे हेही खरं. पण तो तुझ्या एकाही तारखेला उभा राहिलेला नाही. पुकारा होतो, वकील नाही, पुढची तारीख. मी दर वेळी पाहून राहिले. तुला सांगितलं नाही, कारण तू आत बसून करणार काय होतास?

मी त्याला शोधून काढला. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टेबल आहे त्याचं. नाव लिहू नको म्हणते कोमल, म्हणून पानवाले वकील म्हणू. मी विचारलं, "साहेब, माझ्या नातवासाठी काहून येत न्हाई तुमी?"

तो म्हणाला, "मावशी, या केसचे पैसे मिळतात केस संपल्यावर. तेही वरून आले तर. वरून कित्येक दिवसांत काही आलंच नाही. मी माझ्या पैशाच्या केसा सोडून तुझ्या नातवाजवळ उभा राहू?"

"मग यादीत नाव काहून दिलं?"

"नाव असलेलं बरं असतं," म्हणाला, आणि पान थुंकायला उठला.

मला राग आला, पण खोटं बोलला असंही म्हणता येईना. उपाशी बैलाला नांगराला जुंपलं तर तो फाळ मोडणारच. पण मग त्याला दावणीला बांधून ठेवलं कोणी? आणि तो वावरात गेला की नाही हे पाहायला बांधावर कोणी उभं आहे का? मी लिंबाखालच्या सगळ्यांना विचारून पाहिलं. पाहणारा कोणी नाही म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात कोर्टाच्या साहेबांनी फुकट वकिलाची माहिती द्यायला आपल्या गावात मांडव घातला. खुर्च्या, भोंगा, चहा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी फलक. कोमलनं वाचून दाखवला: मोफत वकील हा तुमचा हक्क आहे. मी म्हटलं, वकिलाला पैसे न्हाईत, पण त्याच्या फलकाला कापड आहे. भाषणं झाली. मग म्हणाले, कोणाला काही विचारायचं आहे का? कोणी विचारत नसतं, पण असं म्हणायची रीत असते. मी उठले. "साहेब, हक्काचा वकील मिळाला. पण तो येत न्हाई. आता हक्क घेऊन कुठं जाऊ?"

लोक हसले. साहेब नाही हसले. म्हणाले, "आजी, लेखी अर्ज द्या." कोमलनं तिथंच खुर्चीवर बसून अर्ज लिहिला आणि मी अंगठा उठवला.

नवा वकील नेमतो म्हणाले आहेत. आता मी 'काळजी करू नको' असं म्हणत नाही. कर. मीही करून राहिले.

तुझी आजी

---

गोरेगाव
१४ मार्च २००४

चि. प्रज्ञेश,

तर भेटली म्हणे तुला. ऐश्वर्या वकीलबाई. माझ्या हिशोबानं अजून लग्नाला आलेली पोर, पण मी 'बाई' म्हणते, कोट आहे अंगावर. स्वतःच्या खर्चानं बसनं परभणीला आली, उन्हात फाटकाशी उभी राहिली, आणि तू भिंतीकडे तोंड करून बसलास! एक अक्षर बोलला नाहीस. शाब्बास. तुझ्या आज्याचा गुण आहे तो. आमच्यात भांडण झालं की तोही भिंतीशी बोलायचा, आणि भिंत त्याला भाकरी देत नव्हती.

तरी पोर चिडली नाही. तिथून ती रूपसिंगच्या तांड्यावर गेली. तू त्याच्या मोटारी भरून देतोस ना. पोलीस म्हणतात, चोरीच्या मोटारीचा नंबर खरवडलेला होता, तुला कळायला पाहिजे होतं. त्यानं सांगितलं, दुकानात नंबर खरवडलेल्या मोटारी सगळेच आणतात, जुन्या झाल्या की नंबर राहतोच कुठं. तिनं ते सगळं लिहून घेतलं. म्हणाली, "आजी, जामिनाचा अर्ज कधीच करायला पाहिजे होता. कोणी केलाच नाही." हे वाक्य ऐकून मी जीपमध्ये बसेपर्यंत बोटांवर तुझ्या तारखा मोजत राहिले.

आता एक गंमत. आपल्याकडे हाड बसवायला तांड्यातल्या पेमाकडे जातात. तो पैसे घेत नाही. पण त्याच्या हाती काही ठेवल्याशिवाय कोणी उठत नाही. मूठभर तूर, एखादा नारळ. फुकटचं औषध अंगाला लागत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तुझा हात मोडला तेव्हा मी पेमाला लुगड्याचं नवं कापड दिलं होतं, आणि हात बघ कसा सरळ आहे. मग हा जामीन फुकटात कसा लागू पडायचा?

मी तिला आपली तुरेवाली कोंबडी देऊ लागले. ती दोन पावलं मागं सरली. "आजी, नाही. मला तुमच्याकडून काहीच घेता येत नाही. चहासुद्धा नाही. नियम आहे."

"बरं बाई, नको घेऊ," म्हटलं.

ती आत पुकाऱ्याला गेली. मी तिच्या टेबलाच्या पायाला कोंबडी बांधली आणि गोरेगावची जीप धरली.

पुढच्या वेळी भेटली तर डोळे वटारले. "आजी, दुपारभर ती उन्हात ओरडत होती. घरी न्यावी लागली मला."

"मग आता लागू पडेल," म्हटलं मी. आणि तिथंच कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या बायांनाही सांगितलं, काहीतरी दिल्याशिवाय काम लागू पडत नाही. सुमनबाई होती त्यात. तुझ्याच बराकीतल्या जळबाची माय. तिच्या पोराची केसही याच बाईकडे दिली आहे.

एप्रिलात जामिनाची सुनावणी आहे. पुढच्या वेळी वकीलबाई आल्या तर तोंड इकडे कर.

तुझी आजी

---

गोरेगाव
४ एप्रिल २००४

चि. प्रज्ञेश,

सुनावणी झाली नाही. हे तुला पोलिसांनी सांगितलं असेल. काहून झाली नाही ते माझ्याकडून ऐक. साहेबांनी हे पत्र वाचलं तरी वाचू दे, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. सगळ्या कोर्टाला माहीत आहे.

ऐश्वर्याबाईंवर लेखी तक्रार झाली. फुकट केसमध्ये पक्षकाराकडून कोंबडी घेतली. तक्रार केली आपल्या पानवाल्या वकिलानं. त्याचं टेबल तिच्या टेबलाशेजारी. दुपारभर ती कोंबडी ओरडली ती त्याच्याच कानात.

चौकशी होईपर्यंत तिनं फुकटाच्या कोणत्याच केसला उभं राहायचं नाही, असा हुकूम निघाला. तुझा पुकारा झाला. ती मागच्या बाकावर बसून होती, कोट घालून, हात मांडीवर. उठली नाही. उठता येत नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं खाली पाहिलं. पुढची तारीख.

मी इतके महिने ओरडून राहिले की पाहणारा कोणी नाही. तर पाहणारा आला, आणि त्याला पहिल्यांदा काय दिसलं? माझी कोंबडी.

चौकशीला मला बोलावलं आहे. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. गावात तीन जणांनी तीन सल्ले दिले. एक म्हणाला, सांग की कोंबडी माझी नव्हतीच. एक म्हणाला, सांग की सुटून गेली आणि आपोआप टेबलाखाली बसली. जशी काय कोंबडीच दोरी घेऊन गेली होती. आणि ही कोमल, जी आत्ता हे लिहिताना मान खाली घालून बसली आहे, ती म्हणते, "आजी, लाच घेणाऱ्याइतकाच देणाराही गुन्हेगार असतो. तुम्हालाच धरलं तर?"

मला धरलं तर मला हरकत नाही. तिथं दोन वेळा भाकरी मिळते आणि नातू जवळ असतो. पण मग तुझ्यासाठी बाहेर कोण? खोटं बोलले तर ती वाचेल, असं वाटतं. पण एक खोटं मी पानटपरीजवळ बोलले होते, काळ्या कोटाचं. त्यानं तू माझ्यापासून गेलास. आता दुसऱ्यानं काय जाईल, त्याची भीती वाटते.

वकीलबाईंना विचारलं, काय सांगू? ती म्हणाली, "मला विचारू नका आजी. मी तुम्हाला शिकवलं असं होईल." बस, एवढंच.

तुझी आजी

---

गोरेगाव
२२ एप्रिल २००४

चि. प्रज्ञेश,

हे पत्र नीट वाच आणि दोनदा वाच. शेवटी काम सांगितलं आहे.

चौकशीचे साहेब बाहेरून आले होते. माणूस शांत. पंखा माझ्याकडे फिरवायला लावला. विचारलं, "तुम्ही वकीलबाईंना कोंबडी दिली?"

"दिली न्हाई साहेब. बांधली."

"त्यात फरक काय?"

"त्या न्हाई म्हणाल्या म्हणून बांधली. हो म्हणल्या असत्या तर दिली असती."

"का दिलीत?"

मी पेमाचं सांगितलं. हाडाचं सांगितलं. साहेब लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले, म्हणाले, "आजी, हे कोर्ट आहे, हाडवैद्य नाही."

"व्हय साहेब. हाडवैद्य घरी असतो, गेलं की भेटतो."

शिपाई हसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तो हसला नाही.

मग वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी नाकारली, उन्हात मरेल म्हणून घरी नेली, परत पाठवायला कोणी मिळालं नाही. साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं, निभावलं. एवढ्यात त्यांनी विचारलं, "त्या कोंबडीचा तुम्हाला काही लाभ झाला?"

आणि त्या पोरीनं काय सांगावं? "हो साहेब. अंडी दिली. आम्ही खाल्ली."

अगं बाई, कोणी मोजत होतं का! पण तसलीच आहे ती. खोटं तिच्या तोंडात राहत नाही.

मी मध्येच बोलले. "साहेब, आधीच्या वकिलानं माझ्याकडून एक पीसही घेतलं न्हाई. आणि एकाही तारखेला आला न्हाई. त्याची चौकशी कधी?"

"त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार आहे का?"

"अर्ज दिला होता की, मांडवात."

त्यांनी फाईल उलटून पाहिली. "हा वकील बदलून मागण्याचा अर्ज आहे. तक्रार नाही. कोणत्या तारखेला आले नाहीत हे कोणीच लिहून दिलेलं नाही. आणि आज तो विषय नाही, आजी." ते रागानं बोलले नाहीत. हळू बोलले. जणू त्यांनाही तो विषय आज असता तर बरं वाटलं असतं.

निकाल असा. बाईंचं नाव फुकटाच्या यादीतून काढलं. मला समज देऊन सोडलं. आणि यादीत दुसरं कोण उरलं आहे? कोणाला त्या कामात यायचं नाही, पैसे येत नाहीत म्हणून. तेव्हा तुझी केस परत पानवाल्या वकिलाकडे.

मी बाहेर पायरीवर बसले. उठवेना. ऐश्वर्याबाई आल्या, शेजारी बसल्या. म्हणाल्या, "आजी, यादीतून काढलं, वकिलीतून नाही काढलं. फुकटाचा वकील नको असं प्रज्ञेशनं सांगितलं आणि माझ्या वकीलपत्रावर सही केली, तर मी साधी वकील म्हणून उभी राहू शकते."

"आणि तुझी फी?"

"ती घेतली आहे मी," म्हणाली. "अंडी चांगली होती."

आता काम. ती तुझ्याकडे वकीलपत्र घेऊन येईल. मला माहीत आहे, ठाण्यात तुझ्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या तेव्हापासून तू कशावरच सही करत नाहीस. बराबर आहे तुझं. मी कोणाला दोष देत नाही. पण हा कागद कोरा नाही. तुला वाचता येतं, मला येत नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाच, तिला दहा प्रश्न विचार, आणि मग कर. पुढच्या महिन्यात कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. सही त्याच्या आत नाही झाली, तर पाऊस पडेपर्यंत तू आत आणि मी पायरीवर.

माझ्यावर राग आहे तो तसाच ठेव. तो घरी आल्यावर काढ. रोज थोडा थोडा काढ, मला पुरेल. पण सही कर.

तुझी आजी

---

गोरेगाव
९ मे २००४

चि. प्रज्ञेश,

जामीन झाला. तुला कळलं असेल, पण मला सांगायचं आहे, म्हणून सांगते. बाई उभ्या राहिल्या, साहेबांनी ऐकलं, आणि म्हणाले, अर्ज इतके दिवस का केला नाही? पानवाले वकील खिडकीबाहेर पाहत होते. रूपसिंग जामीनदार राहिला आहे. त्याच्या ऐपतीचा दाखला तहसिलातून यायला चार दिवस लागतील, मग कागद जेलात येईल. म्हणजे तू सुटायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडेल. खटला पुढं चालायचाच आहे. मोकळा झालास असं समजू नको. बाहेर आलास एवढंच.

कोमल म्हणते, तुझ्या सहीचं अक्षर सुंदर आहे. मी म्हटलं, महिनोन्‌महिने साठवून ठेवलं होतं त्यानं.

आता जे सांगायचं नाही असं ठरवून बसले होते, ते सांगते.

निकाल ऐकून मी बाहेर आले, तर सुमनबाई पायरीवर. मी हसत तिच्याजवळ गेले. ती सरकली. मला जागा द्यायला सरकली असं वाटलं, म्हणून बसले. तर ती उठून खालच्या पायरीवर जाऊन बसली. पाठ माझ्याकडे.

मी म्हटलं, "काय झालं गं?"

"काही न्हाई मावशी. तुमचं पोरगं येतंय, चांगलं झालं." मग पाठ न फिरवताच म्हणाली, "माझ्या जळबाला परत ते पानवाले वकील दिलेत."

मागून ऐश्वर्याबाई आल्या. जळबालाही वकीलपत्र देता येईल ना, असं त्यांना विचारलं. तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. यादीतल्या ज्या केसा तिच्याकडे होत्या, त्या सगळ्या खाजगीत फुकट चालवायच्या तर तिनं खायचं काय? एक चालवली, ती माझ्यासाठी. तिचा बापही आता म्हणतो, बस झालं. आणि सुमनबाईजवळ कोंबडीही नाही.

प्रज्ञेश, मी दोरी बांधली ती एका टेबलाला, पण तिचं दुसरं टोक जळबाच्या गळ्यात पडलं. तू येऊन राहिलास त्याचा आनंद करायला बसले की मला तिची पाठ दिसते.

त्या चौकशीच्या साहेबांचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कोणत्या तारखेला आले नाहीत हे कोणीच लिहून दिलेलं नाही. तर आता लिहून द्यायचं. तुझ्या तारखा मला माहीत आहेत. पण जळबाच्या मला माहीत नाहीत. सुमनबाई मजुरी सोडून प्रत्येक तारखेला येऊ शकली नाही. त्या जळबालाच माहीत आहेत.

मला भीती वाटते. तुझा खटला अजून त्याच कोर्टात आहे. वकिलाविरुद्ध लिहून दिलं तर सगळे काळे कोट एक होतील, असं रूपसिंग म्हणतो. खरंही असेल. तुला नको वाटलं तर नाही म्हण, मी भिंतीकडे तोंड करणार नाही.

पण हो म्हणणार असशील तर निघायच्या आधी जळबाजवळ बस. कोणत्या दिवशी पुकारा झाला, कोणत्या दिवशी त्याच्यासाठी कोणी उठलं नाही, ते त्याच्याकडून एकेक करून ऐक. कागदावर आणू नको, झडतीत काढून घेतात म्हणे. तोंडपाठ कर. अवघड नाही, मी सगळा जन्म असाच तोंडपाठ करून काढला आहे.

स्टँडवर उतरलास की घरी येऊ नको. सरळ कोर्टात ये. आम्ही दोघी पायरीवर असू. आधी सुमनबाईजवळ जा. मग माझ्याजवळ.

तुझी आजी